वारा, घाट आणि घड्याळ : महिलांच्या टप्प्यांच्या शर्यतीचं शास्त्र

18 ऑगस्ट 2024 रोजी फ्रान्समधल्या आल्प द्युएझच्या घाटमाथ्यावर महिलांची टूर द फ्रान्स संपली. सात दिवसांत आठ टप्पे आणि साडेचोवीस तासांहून जास्त सायकल चालवल्यावर पोलंडची कातार्झिना निएविआदोमा पहिली आली आणि नेदरलँड्सची डेमी व्होलरिंग दुसरी. दोघींमध्ये अंतर राहिलं अवघ्या 4 सेकंदांचं. गंमत अशी की, त्या दिवसाचा टप्पा व्होलरिंगनेच जिंकला होता, आणि निएविआदोमा तिच्यामागून मिनिटभरानंतर पोहोचली होती. तरीही एकूण वेळेत आघाडीवर असणारीची पिवळी जर्सी निएविआदोमाच्याच अंगावर राहिली.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे कोडं वाटतं. धावण्याच्या शर्यतीत जी पुढे, ती जिंकते. टप्प्यांच्या शर्यतीत रोजची विजेती वेगळी आणि अखेरची विजेती वेगळी असू शकते, कारण इथे सगळ्या दिवसांच्या वेळेची बेरीज होते. शेवटच्या सकाळी व्होलरिंग 1 मिनिट 15 सेकंदांनी मागे होती. घाटात तिने 1 मिनिट 1 सेकंद भरून काढले. टप्पा जिंकणारीच्या एकूण वेळेतून 10 सेकंद वजा होतात, म्हणजे झाले 1 मिनिट 11 सेकंद. 4 सेकंद उरले, ते उरलेच.

मग हे सव्वा मिनिट ती मागे पडली कशी? पाचव्या टप्प्यात ती पिवळ्या जर्सीत होती. शेवटचे सुमारे 6 किलोमीटर उरले असताना घोळक्यात पडापड झाली, तीत तीही पडली. उठून, सायकल सावरून ती पोहोचेपर्यंत 1 मिनिट 47 सेकंद गेले होते. सपाट टप्प्याच्या शेवटच्या 3 किलोमीटरमध्ये कुणी पडलं तर तिला तिच्या घोळक्याचीच वेळ मिळते, असा नियम आहे. व्होलरिंग त्या हद्दीच्या बाहेर पडली होती. तो टप्पा तिच्याच संघातल्या ब्लान्का वाशने जिंकला, आणि साथीदारांनी व्होलरिंगसाठी थांबायला हवं होतं का, यावर पुढे पुष्कळ वाद झाले.

या एका उदाहरणात या खेळाचं सगळं मर्म आहे. नाव एकटीचं लागतं, पण शर्यत एकटीने जिंकता येत नाही. आणि ती सर्वांत चांगल्या दिवशी जेवढी जिंकली जाते, त्याहून जास्त सर्वांत वाईट दिवशी हरली जाते. उरण-पनवेलपासून कोल्हापूर-संगमनेरपर्यंत आपल्या मुली आता गंभीरपणे रेसिंग सायकल चालवू लागल्या आहेत. त्यांना पुढे काय शिकायचं आहे, हे समजून घ्यायचं तर या खेळाचं शास्त्र आधी समजून घेतलं पाहिजे.

घड्याळ थांबतं, म्हणून

लांब पल्ल्याची सायकलिंग महाराष्ट्राला नवी नाही. नवी मुंबईच्या कबीर राचुरे याने 2019 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4800 किलोमीटरची शर्यत एकट्याने, 12 दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने 2018 मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, 159 दिवसांत सुमारे 29,000 किलोमीटर चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली. या दोन्ही प्रकारांत घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही. झोपलात तर झोपेचा वेळही मोजला जातो. तिथे कस लागतो तो जागरणाचा, एकटेपणाचा आणि चिकाटीचा.

टप्प्यांच्या शर्यतीत घड्याळ रोज संध्याकाळी थांबतं आणि सकाळी पुन्हा सुरू होतं. त्यामुळे विश्रांतीला किंमत येते. वेगही वाढतो, कारण उद्या ताजं होऊन यायची मुभा सगळ्यांनाच असते. तीन-साडेतीन तासांच्या टप्प्यात शेवटच्या वीस मिनिटांत जीव तोडून चालवायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पुन्हा करायचं, हा याचा स्वभाव. एक दिवस उत्तम चालवणाऱ्या पुष्कळ असतात. पाचव्या दिवशीही तसंच चालवणाऱ्या थोड्या.

वेळ मोजायची रीतही समजून घ्यावी लागते. घोळक्यातून एकत्र पोहोचणाऱ्या सगळ्यांना सारखीच वेळ दिली जाते, मग ती पहिली असो की साठावी. म्हणून सपाट टप्प्यांत एकूण वर्गवारीतल्या मोठ्या खेळाडू शेवटच्या धडपडीत पडत नाहीत, त्या सुखरूप पोहोचण्याला महत्त्व देतात. तो दिवस स्प्रिंटवाल्यांचा असतो. वेळेत खरा फरक पडतो तो तीन ठिकाणी : घाटात, एकट्याने चालवायच्या टाइम ट्रायलमध्ये आणि आडव्या वाऱ्यात. रोजच्या पहिल्या तिघींना मिळणारी 10, 6 आणि 4 सेकंदांची सूट वरवर किरकोळ वाटते, पण 2024 मध्ये ती किती मोलाची ठरू शकते हे दिसलंच.

समजा, शर्यत उरणहून निघाली

नकाशा समोर घेऊन मुख्यतः रायगड जिल्ह्यात एक कल्पित शर्यत आखून पाहू. पहिला दिवस : उरणहून बोकडवीरा, जासई, गव्हाण फाटा आणि परत, अशा दोन-तीन फेऱ्या. पूर्ण सपाट. दुसरा दिवस : उरणमध्येच पंधरा किलोमीटरची टाइम ट्रायल. तिसरा दिवस : चिरनेर, खारपाडा, पेण करत खोपोली, चढ-उताराचा रस्ता. चौथा दिवस : पनवेलहून निघून खोपोलीमार्गे बोरघाट आणि शेवट खंडाळ्याला. चार दिवसांत चार वेगळे गुण लागतील, आणि चारही सारख्या प्रमाणात अंगी असलेली खेळाडू क्वचितच सापडेल.

पहिला दिवस सपाट, म्हणून सोपा असं वाटतं. प्रत्यक्षात उरणचा सपाट रस्ता फसवा आहे. जासईपासून उरणपर्यंतचा पट्टा खाजण, मिठागरं आणि पाणथळींचा. आडोसा कमी. कोरड्या महिन्यांत ऊन तापलं की समुद्रावरून, साधारण वायव्येकडून वारा सुटतो. रस्ता ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे जाणारा, त्यामुळे वारा बरोबर बरगडीत लागतो. इथे रविवारी पहाटे सायकल चालवणाऱ्यांना हा अनुभव परतीच्या वाटेवर हमखास येतो : पहाटे शांत असलेला तोच रस्ता नऊनंतर दुप्पट लांब वाटायला लागतो.

याचं कारण साधं आहे. सपाटीवर ताशी 35-40 किलोमीटरच्या वेगात सायकलपटूची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. वेग दुप्पट केला तर हवेचा रोध चौपट होतो आणि तो पार करायला लागणारी शक्ती आठपट. म्हणून दुसरीच्या मागे, चाकाला चाक लावून चालवणं हा या खेळाचा पाया आहे. एकीच्या मागे राहिलं तरी साधारण पाव ते तिसरा हिस्सा ताकद वाचते. मोठ्या घोळक्याच्या पोटात तर त्याहून कितीतरी अधिक. आइंडहोव्हनचे प्राध्यापक बर्ट ब्लॉकेन यांनी 2018 मध्ये 121 सायकलपटूंच्या घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात घोळक्याच्या आत खोलवर असलेल्या खेळाडूला एकट्याच्या तुलनेत केवळ 5 ते 10 टक्के हवेचा रोध सोसावा लागतो, असं आढळलं.

वारा समोरून असेल तर आडोसा मागे मिळतो. वारा बाजूने आला की आडोसा तिरका सरकतो. मग सायकलपटूही तिरकी रांग धरतात. हिवाळ्यात उरणजवळच्या पाणजेच्या पाणथळीवरून उडणारे पक्ष्यांचे थवे जसे तिरपी ओळ धरतात, तशीच ही ओळ. या रांगेला इशलॉन म्हणतात. अडचण एवढीच की, रस्ता जेवढा रुंद, तेवढ्याच जणींना त्या तिरक्या रांगेत जागा मिळते. जिला जागा मिळाली नाही, ती रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या पट्टीवर, पुढचीच्या चाकामागे एकेरी ओळीत वारा खात राहते. थोड्या वेळात तिच्या पुढची कुणीतरी दमते, मध्ये दहा मीटरची फट पडते, आणि ती फट मग भरून निघत नाही. पाहता पाहता एका घोळक्याचे तीन-चार तुकडे होतात. डोंगराचा मागमूस नसलेल्या रस्त्यावर दोन-तीन मिनिटं जातात ती अशी.

म्हणून अनुभवी संघ आदल्या रात्री नकाशा आणि वाऱ्याचा अंदाज शेजारी ठेवून बसतात. रस्ता कुठे वळतो, झाडं कुठे संपतात, पूल कुठे आहे, हे किलोमीटरनिशी टिपून ठेवतात. वळणाच्या दोन किलोमीटर आधीच संघातल्या सगळ्या जणी घोळक्याच्या तोंडाशी येतात आणि वळण घेताच वेग वाढवतात. हे डोळ्यांना अचानक झाल्यासारखं वाटतं, पण ठरलेलं असतं आदल्या रात्री.

दुसऱ्या दिवशीची टाइम ट्रायल याच्या नेमकी उलट. एकेक खेळाडू ठरावीक अंतराने सुटते, मागे-पुढे कुणी नाही, आडोसा नाही. पाठ सपाट, कोपरं आत, डोकं खाली, आणि पहिल्या पाच मिनिटांत हात आखडता घेण्याचं शहाणपण. सुरुवातीला जोशात निघालेली खेळाडू शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये तो जोश व्याजासकट फेडते. 2024 मध्ये रॉटरडॅममध्ये टाइम ट्रायल होती फक्त 6.3 किलोमीटरची, आणि तरी पिवळी जर्सी त्या दिवशी व्होलरिंगकडे गेली.

पाठीवर आठ बाटल्या

महिलांच्या टूर द फ्रान्सच्या 2022 च्या आवृत्तीत प्रत्येक संघात सहा जणी होत्या. यांतली एक नायिका, बाकीच्या पाच तिच्यासाठी. कुणी घाटाच्या पायथ्यापर्यंत वेग राखते, कुणी वाऱ्यात पुढे राहते, कुणी पळून गेलेल्या तुकडीचा पाठलाग करते. नायिकेची सायकल पंक्चर झाली आणि संघाची गाडी दूर असली, तर साथीदार जागच्या जागी स्वतःचं चाक, वेळ पडली तर स्वतःची सायकल काढून देते आणि स्वतः रस्त्याच्या कडेला थांबते.

यांतलं सर्वांत न दिसणारं काम पाण्याचं. उन्हाच्या दिवशी साथीदार घोळका सोडून मागे, संघाच्या गाडीपर्यंत येते. गाडीच्या खिडकीतून एकामागून एक बाटल्या बाहेर येतात. दोन सायकलच्या पिंजऱ्यात, तीन जर्सीच्या पाठीमागच्या खिशांत, उरलेल्या गळ्यातून पाठीत सोडलेल्या. सात-आठ बाटल्यांचं ओझं, पाठीला थंडगार प्लास्टिक, आणि आता घोळका गाठायचा. मग घोळक्याच्या कडेने सरकत सरकत संघातल्या प्रत्येकीला एकेक बाटली पोहोचवायची. हे सगळं करूनही निकालपत्रात तिचं नाव कुठेतरी ऐंशीव्या क्रमांकावर असतं. तिने वाचवलेली ताकद नायिकेच्या पायांत उतरते, आणि घाटातल्या शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये दिसते.

घोळक्यात चालवणं हीच एक वेगळी विद्या आहे. पुढचीचं मागचं चाक आणि आपलं पुढचं चाक यांत फूट-दीड फुटाचं अंतर. चाकावर चाक ‘चढलं’, म्हणजे आपलं पुढचं चाक तिच्या मागच्या चाकाला लागलं, की पडते ती मागची. म्हणून नजर चाकावर खिळवायची नाही, पुढचीच्या खांद्यांवरून आणखी पुढे ठेवायची. खड्डा दिसला की हात खाली करून बोटाने दाखवायचा, ओरडून मागे कळवायचं. ब्रेक दाबायचा नाही, पेडल हलकं सोडायचं. हे घरातल्या ट्रेनरवर शिकता येत नाही आणि एकट्याने रस्त्यावरही शिकता येत नाही. ते घोळक्यातच शिकावं लागतं.

घाट आणि वजनाचा सापळा

चौथ्या दिवशी बोरघाट. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हा घाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणण्याची जुनी रीत आहे, इतकं या चढाचं मराठी सायकलिंगमध्ये माहात्म्य. खोपोली समुद्रसपाटीपासून जेमतेम साठेक मीटर उंचीवर, खंडाळा साडेपाचशेच्या आसपास. घाटात वेग कमी होतो, त्यामुळे वाऱ्याचा आडोसा फारसा कामाचा राहत नाही. आता लढाई गुरुत्वाकर्षणाशी. इथे एकूण ताकदीपेक्षा दर किलो वजनामागे किती ताकद, हे महत्त्वाचं.

हिशेब करून पाहू. खेळाडू आणि सायकल मिळून वजन 60 किलो आणि चढ अर्ध्या तासाचा. तेवढ्याच ताकदीत एक किलो वजन जास्त झालं, तर साधारण दीड टक्का वेळ वाढतो, म्हणजे 25 ते 30 सेकंद. सायकल हलकी करण्याला मर्यादा आहे, कारण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ती 6.8 किलोपेक्षा हलकी असता कामा नये. उरतं ते शरीर. आणि इथेच हा खेळ मुलींसाठी धोकादायक होतो.

वजन उतरवण्याच्या नादात मुली कमी खातात आणि सराव तेवढाच ठेवतात. शरीराला रोजच्या व्यवहाराला ऊर्जा पुरत नाही, तेव्हा ते एकेक खातं बंद करत जातं. पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, वारंवार सर्दी-ताप येतो, सराव वाढवूनही वेग वाढत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी 2014 मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. पाळी थांबली म्हणजे सराव चांगला चालला आहे, असा समज काही खेळाडूंमध्ये अजूनही आढळतो. तो पूर्ण चुकीचा आहे. पाळी थांबणं हा शरीराने दिलेला इशारा आहे, आणि त्यावर पहिला उपाय डॉक्टरांकडे जाणं आणि पुरेसं खाणं हाच.

आपल्याकडे यात आणखी एका गोष्टीची भर पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून जास्त आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन स्नायूंपर्यंत प्राणवायू नेतं. ते कमी असेल, तर सर्वोत्तम सायकल आणि सर्वोत्तम प्रशिक्षक यांचाही उपयोग होत नाही. म्हणून मुलगी सायकलिंग गंभीरपणे करणार असेल, तर कार्बनच्या सायकलीवर लाखभर रुपये घालण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन यांची रक्ततपासणी करून घ्यावी. खर्च कमी, उपयोग कितीतरी जास्त.

संध्याकाळ हाही टप्पाच

सरासरी 180 वॅट ताकदीने साडेतीन तास चालवलं, तर जवळपास 2200 ते 2300 किलोकॅलरी खर्च होतात. स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर मिळून साधारण 400 ते 500 ग्रॅम, म्हणजे 1600 ते 2000 किलोकॅलरी. म्हणजे एका दिवसातच ही कोठी रिकामी होऊ शकते, आणि उद्या पुन्हा लागणारच असते. म्हणून चालवता चालवता तासाला 60 ते 90 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. भूक लागेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो.

यासाठी परदेशी जेलच हवं असं नाही. युरोपातल्या संघांच्या खिशातही भाताच्या वड्या असतात. आपल्याकडे केळी, खजूर, राजगिऱ्याची चिक्की, गुळाची पोळी आणि साखर-मीठ-लिंबाचं पाणी यांवर उत्तम काम भागतं. अट एकच : शर्यतीत जे खायचं, ते सरावात खाऊन पाहिलेलं असावं. कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, तो ओघळतो, त्यामुळे शरीर थंड व्हायला वेळ लागतो आणि मीठही जास्त जातं. नुसतं पाणी पीत राहिल्याने काम होत नाही, मीठ हवंच.

खाण्याचा एक ठरावीक टापू रस्त्यावर आखलेला असतो. तिथे संघाचा मदतनीस खांद्याला अडकवायची कापडी पिशवी बंदाने धरून, हात लांब करून उभा असतो. सायकलपटू तशाच वेगात येते, बंदात हात घालते, पिशवी खांद्यावर सरकवते, त्यातली बाटली आणि खाऊ खिशांत कोंबते आणि पिशवी टाकून देते. पाच-सहा सेकंदांचा मामला. नेम चुकला तर पुढचा तास उपाशी.

टप्पा संपल्यावर पहिल्या तासातच भात, बटाटा, दूध, अंडी किंवा डाळ असं पोटभर खाणं, पाय वर करून पडणं, नऊच्या आत झोपणं, हा सगळा शर्यतीचाच भाग. 2022 च्या महिलांच्या टूरमध्ये नेदरलँड्सच्या आनेमीक व्हान व्ल्यूटनचं पहिल्या दिवसांत पोट बिघडलं होतं, अन्न टिकत नव्हतं, शर्यत सोडायची वेळ आली होती. साथीदारांच्या आधाराने तिने ते दिवस फारसा वेळ न गमावता काढले. सातव्या टप्प्यात ती साठेक किलोमीटर एकटी पुढे राहून जिंकली, आणि आठव्या दिवशी शर्यतही तिचीच झाली. तेव्हा ती 39 वर्षांची होती.

रस्ता मिळायलाच शंभर वर्षं

हे सगळं स्त्रियांना झेपेल का, असा प्रश्न फार काळ विचारला गेला. पुरुषांची टूर द फ्रान्स 1903 पासूनची. स्त्रियांसाठी 1955 मध्ये फ्रान्समध्ये पाच टप्प्यांची एक शर्यत झाली, ती आइल ऑफ मॅनच्या मिली रॉबिन्सनने जिंकली, आणि तो प्रयोग पुढे टिकला नाही. रस्त्यावरची पहिली महिला जागतिक स्पर्धा 1958 मध्ये, ऑलिंपिकमधली पहिली महिला रस्ता शर्यत तर 1984 मध्ये, लॉस एंजेलिसला.

त्याच 1984 च्या उन्हाळ्यात पुरुषांच्या शर्यतीसोबत महिलांची 18 टप्प्यांची टूर झाली. 36 जणी निघाल्या. अमेरिकेची मारिआन मार्टिन जिंकली आणि पॅरिसमध्ये पुरुष विजेता लोराँ फिन्योँ याच्यासोबत मंचावर उभी राहिली. तिला मिळालेलं बक्षीस होतं सुमारे 1000 डॉलरचं. पुढची पाच वर्षं इटलीची मारिआ कानिन्स आणि फ्रान्सची जनी लाँगो यांनी गाजवली. 1989 नंतर ती शर्यत त्या रूपात बंद पडली. दुसऱ्या नावांनी अधूनमधून चालणाऱ्या शर्यतीही 2009 पर्यंतच टिकल्या.

2013 मध्ये काही महिला खेळाडूंनी मिळून मागणीपत्र काढलं आणि लाखाच्या घरात सह्या जमवल्या. 2014 मध्ये एका दिवसाची शर्यत मिळाली. 2022 मध्ये अखेर आठ टप्प्यांची टूर परत आली : 144 जणी निघाल्या, 109 जणींनी ती पूर्ण केली. 2025 मध्ये टप्पे नऊ झाले आणि पोलिन फेराँ-प्रेव्हो जिंकली. 1989 मधल्या लाँगोनंतर ही पहिली फ्रेंच विजेती. या साऱ्या काळात स्त्रियांच्या शरीरात काही बदल झाला नाही. बदलली ती आयोजकांची तयारी.

आपल्या रस्त्यांवर

महाराष्ट्रात खेळाडू नाहीत असं कुणी म्हणू नये. कोल्हापूरच्या पूजा दानोळेने खेलो इंडिया स्पर्धांत सुवर्णपदकं मिळवली. संगमनेरची प्रणिता सोमण रस्ता आणि डोंगरी सायकलिंग दोन्हींत राष्ट्रीय पातळीवर चमकली. मयूरी लुटे ट्रॅकवर भारताकडून खेळली. जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात झालेल्या पुणे ग्रँड टूरने आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या 2.2 दर्जाची, 437 किलोमीटरची बहुदिवसीय शर्यत महाराष्ट्राच्या रस्त्यांवर आणून दाखवली. रस्ते बंद करता येतात, पोलीस, रुग्णवाहिका, गावकरी, सगळं जमवून आणता येतं, हे तिने सिद्ध केलं. ती शर्यत पुरुषांची होती. आशियात चीनचं चोंगमिंग बेट आणि थायलंड इथे महिलांच्या टप्प्यांच्या शर्यती होतात. आपल्या मुलींना घोळक्याची विद्या शिकायला तितक्या लांब जावं लागू नये.

उरणच्या मुलीची आजची अडचण वेगळीच आहे. न्हावा शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झाल्यापासून इथले रस्ते कंटेनरच्या ट्रेलरांचे झाले. ट्रेलर शेजारून गेला की हवेचा झोत आधी बाहेर ढकलतो आणि पाठोपाठ आत ओढतो. कडेला उभे ट्रेलर, सांडलेलं डिझेल, बारीक खडी. इथून मुंबईला जोडणाऱ्या अटल सेतूचं उद्घाटन 12 जानेवारी 2024 रोजी झालं, पण त्यावर सायकलला मज्जाव आहे, आणि तो असणं योग्यही आहे. म्हणून सराव पहाटे, उजाडल्यावर लगेच, मागे लाल दिवा लावून, आणि एकटीने न करता चौघी-पाच जणींनी मिळून करावा. सोबत चालवण्याने सुरक्षितता तर वाढतेच, शिवाय चाकाला चाक लावायचा धडाही तिथेच सुरू होतो.

पण सराव गटाने शर्यतीची जागा भरून निघत नाही. मुलींना आज मिळतात त्या बहुतेक एका दिवसाच्या स्पर्धा, किंवा एकट्याने चालवायच्या टाइम ट्रायल. त्यांत ताकद कळते. दुसऱ्या सकाळी दुखऱ्या पायांनी पुन्हा उभं राहणं, आदल्या दिवशी गमावलेली चाळीस सेकंदं डोकं शांत ठेवून परत मिळवणं, आपल्यापेक्षा आज ताज्या असलेल्या साथीदारासाठी स्वतःची संधी सोडणं, हे कळत नाही. ते कळायला सलग दिवसांची शर्यतच लागते.

सुरुवात आल्प द्युएझएवढी मोठी असायची गरज नाही. तीन दिवस, साठ-साठ किलोमीटर, सहा-सहा जणींचे आठ-दहा संघ, रोज सकाळी तीन तास बंद ठेवलेला रस्ता, आणि प्रत्येक संघासोबत एक गाडी व एक डॉक्टर. उरणचा वारा, पेणचे चढ-उतार आणि बोरघाट हे तर आधीपासून आहेतच. जिल्हा प्रशासन, बंदराच्या परिसरातले उद्योग आणि सायकलिंगच्या संघटना यांनी ठरवलं, तर हे एका हिवाळ्यात होऊ शकतं. अशा पाच-सहा शर्यती खेळलेली महाराष्ट्राची मुलगी परदेशातल्या घोळक्यात पहिल्यांदा उतरेल, तेव्हा तिला तिथे सराव नव्याने सुरू करावा लागणार नाही. ती थेट स्पर्धा करेल.